बद्द आवाज

शमशाद मुल्ला जयसिंगपूरला शिवणकाम करायच्या. एका सकाळी आरशासमोर उभ्या राहून केस विंचरताना त्यांच्या डोक्यात कट् असा आवाज झाला. कुठे पडल्या नव्हत्या, कुठे आपटल्या नव्हत्या. कंगवा केसांत तसाच राहिला. उजव्या कानाच्या वर बोट लावून पाहिलं, तर कातडीखाली काहीतरी हललं. मुलीने त्यांना तडक मिरजेला आणलं. डॉक्टर एस्थर साळवींनी शस्त्रक्रिया करून कवटीवरची टायटॅनियमची प्लेट काढली, तेव्हा ती दोन तुकडे होऊन हातात आली.

ते तुकडे डबीत घालून डॉक्टर स्वतः कुपवाडच्या कारखान्यात आल्या आणि सुनेत्रा मगदूमच्या टेबलावर त्यांनी डबी ठेवली.

"ही तुमच्या यंत्रावरची," डॉक्टर म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वी मीच बसवलेली. बाई बऱ्या आहेत. पण टायटॅनियम असं बिस्किटासारखं तुटतं का हो?"

सुनेत्राने एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. तुटलेली कड खडीसाखरेसारखी दाणेदार चमकत होती.

"वाकतं," ती म्हणाली. "ताणलं जातं. असं तुटत नाही."

पण तुटलं होतं. डॉक्टर गेल्यावर बराच वेळ ती त्या तुकड्याकडे बघत बसली. तिला शमशादबाईंचा चेहरा आठवेना; आठवत होतं ते आपल्या धाकट्या भावाचं डोकं. कारण या यंत्रावर बनलेली अगदी पहिली प्लेट सहा वर्षांपूर्वी अभिनंदनच्या डोक्यात गेली होती आणि ती अजून तिथेच होती.

यंत्राचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. कारखान्यात सगळे त्याला 'कडाका' म्हणत. कपाटाएवढी पोलादी टाकी, तिच्यात पाणी, पाण्यात समोरासमोर दोन तारा. विद्युतशक्ती आधी साठवून ठेवायची आणि मग सेकंदाच्या काही लाखाव्या हिश्श्यात सगळीच्या सगळी त्या दोन तारांच्या फटीतून सोडायची. फटीतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते, वाफेचीही पुढची तापलेली अवस्था होते आणि ती इतक्या झपाट्याने फुगते की भोवतालच्या पाण्यातून दाबाची लाट सुटते. टाकीच्या तळाशी टायटॅनियमचा पातळ पत्रा असतो आणि त्याच्याखाली साचा. लाट पत्र्यावर आदळते आणि पत्रा साच्यात जाऊन बसतो, कोपरा न् कोपरा भरून. तापवायचं नाही, ठोकायचं नाही. पत्र्याला माघारी उसळायलाही सवड मिळत नाही. बाहेर ऐकू येतो तो फक्त कडाड् असा आवाज, जवळच वीज पडावी तसा.

पूर्वी अपघातात कवटीचा तुकडा गेला, की माणसाच्या मापाची प्लेट लांबच्या शहरातून यायची आणि तोवर रोग्याचा मेंदू नुसत्या कातडीखाली धडधडत राहायचा. कडाक्यामुळे ते संपलं. डोक्याचा स्कॅन घ्या, त्यावरून साचा काढा, एक कडाड्, आणि दुपारी आलेल्या माणसाला संध्याकाळी प्लेट तयार. मोटारसायकलवरून पडलेली किती तरी पोरं त्यामुळे घरी चालत गेली. साडेसहाशे माणसं सुनेत्राच्या यंत्राने घडवलेली प्लेट डोक्यात घेऊन हिंडत होती.

तिने तुकडा घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली घातला. करड्या धातूत काळ्या बारीक सुया पसरल्या होत्या, एकात एक गुंतलेल्या, आणि तडा नेमका सुयांच्या वाटेने गेला होता.

त्या सुया कशाच्या, हे तिला कोणी सांगायला नको होतं. पाण्यात वीज सुटली की थोडं पाणी फुटतं आणि हायड्रोजन मोकळा होतो. टायटॅनियमवर ऑक्साइडची पातळ साय असते. ती एरवी हायड्रोजनला आत येऊ देत नाही. पण लाट आदळते त्या क्षणी पत्रा ताणला जातो, साय फाटते आणि उघड्या धातूला समोर हायड्रोजन भेटतो. हे होऊ नये म्हणून तर पाणी आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी पडदा होता. पडद्याला एखादं टाचणीएवढं भोक पडलं असेल आणि कोणाच्या लक्षात आलं नसेल तर? आत शिरलेला हायड्रोजन गप्प बसत नाही. वर्षानुवर्षं धातूतून सरकत तो जिथे ताण जास्त तिथे जमतो, त्याच्या सुया होतात, आणि धातू काचेसारखा होतो.

पडद्याला कधी भोक पडलं, किती प्लेटा त्यात सापडल्या, हे शोधायला काही मार्ग नव्हता. स्कॅनमध्ये सुया दिसत नाहीत.

त्या दिवसापासून सुनेत्राची झोप उडाली. अभिनंदनने फोन उचलायला उशीर केला की ती लगेच त्याच्या बायकोला फोन लावायची.

*

कारखान्याचे मालक रणधीर शेटे यांनी सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही की प्रकरण दाबायचंही सुचवलं नाही. उलट कडाका त्याच दिवशी बंद केला. पण मग डॉक्टर साळवींनाही बोलावून घेऊन ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मगदूम मॅडम, आता पुढं काय? सगळ्यांची डोकी उघडायची? डॉक्टर, पुन्हा उघडण्यात धोका किती?"

"कवटी पुन्हा उघडणं पहिल्यापेक्षा अवघड," साळवी म्हणाल्या. "मेंदूवरचं आवरण प्लेटला चिकटलेलं असतं. वीसजणांत एकाला तरी काहीतरी इजा होते."

"म्हणजे साडेसहाशेत तीसेक माणसं आपण आपल्या हातानं अधू करणार. तुटल्यात किती? एक. काही नाही केलं तर उद्या दुसरी तुटेल. केलं तरी माणसं जाणार." शेटेंनी कपाळावर हात ठेवला. "मला कायद्याची नाही, ह्या हिशोबाची भीती वाटतेय."

"न उघडता तपासता आलं तर?" सुनेत्रा म्हणाली.

माठ घेताना आपण टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर तडा आहे समजायचं. सुनेत्राने तेच करायचं ठरवलं. डोक्यावर केसांवरूनच ठेवायची तारेची छोटी गुंडाळी तिने तयार केली. तिच्यातून विजेचा हलका झटका गेला की आतल्या प्लेटला चुंबकीय टिचकी बसते, प्लेट किंचित थरथरते आणि ती थरथर तीच गुंडाळी ऐकते. रोग्याला काही कळतही नाही. चांगल्या धातूची थरथर रेंगाळते. सुयांनी पोखरलेल्याची पटकन विझते.

शेटे म्हणाले, लोकांना नेहमीची तपासणी म्हणून बोलवू, घबराट नको. साळवींनी साफ नकार दिला. "खोटं सांगून माझ्या दवाखान्यात कुणाला बोलवायचं नाही." मग खरं तेच सांगितलं गेलं: एक प्लेट तुटली आहे, तुमची ऐकायची आहे.

लोक आले. मिरजेच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दिवसेंदिवस बाकं भरलेली असायची. कोणी डोक्याला टॉवेल गुंडाळून आलेला, कोणी मान न हलवता बसलेला, जणू हलवली तर आत काही मोडेल. बहुतेकांचा आवाज स्वच्छ निघाला आणि ते सुनेत्राचे हात धरून, आभार मानून गेले. एक्केचाळीस जणांचा मात्र बद्द आला.

त्या एक्केचाळीसांत सगळ्यात बद्द आवाज अभिनंदनचा होता.

तिने गुंडाळी उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा ऐकलं. अभिनंदन खुर्चीत बसून तिचा चेहरा बघत होता.

"काय गं अक्का? माझं मडकं बद्द हाय म्हण की."

ती हसली नाही. "मला माहीत नाही, अभि. खरंच माहीत नाही."

आणि ते खरं होतं. थरथर दोन कारणांनी विझू शकते. एक, धातू आतून खराब आहे. दुसरं, प्लेटच्या भोकांतून नवं हाड वाढून त्याने प्लेट घट्ट धरून ठेवली आहे. हाताने धरलेली घंटा वाजत नाही तशी. अभिनंदनची प्लेट सगळ्यात जुनी. तिथे हाडही सगळ्यात जास्त वाढलेलं असणार आणि सुयांनाही सगळ्यात जास्त वेळ मिळालेला. कुठलं खरं? जिवंत डोक्यात मोजलेली एक तरी बद्द प्लेट बाहेर काढून कापून बघितल्याशिवाय हे कळणं शक्य नव्हतं. शमशादबाईंची प्लेट आधीच तुटून बाहेर आलेली. ती डोक्यात असताना कशी वाजत होती कोणास ठाऊक. दुसऱ्या कारणाने वारलेल्या दोघांच्या प्लेटा मिळतील का, म्हणून साळवींनी चौकशी केली होती. दोघांनाही अग्नी दिला होता. चितेच्या आचेने धातूतला हायड्रोजन निघून जातो, पुरावाच उरत नाही.

*

अभिनंदन सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे काढायचा. तीन दिवसांनी सुनेत्रा दुपारी तिकडे गेली. हवेत पिवळी धूळ होती. अभिनंदन एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकत होता, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि त्याच्या तोंडून आकड्यांचा पाऊस पडत होता: "सोळा, सोळा दोनशे, सोळा पाचशे, बोला शेठ, सोळा आठ, सतरा!" प्रत्येक आकड्याला तो मान झटकायचा. सुनेत्राला ते बघवेना. त्या डाव्या कानशिलाच्या वर, घामाने भिजलेल्या केसांखाली प्लेट होती आणि प्लेटखाली मेंदूचा तोच भाग, जिथे शब्द असतात.

सौदे संपल्यावर आडत दुकानाच्या ओट्यावर त्याने डबा उघडला. तिलाही भाकरीचा चतकोर दिला.

"त्या दिवशी व्हरांड्यात बसलो होतो," तो म्हणाला. "बद्दवाल्यांच्यात. सगळे एकमेकांना विचारालेत, आता काय? एक पोरगी हाय, तासगावकडची. आठवा महिना लागलाय तिला. मला म्हणाली, दादा, डोकं उघडलं तर बाळाचं काय, आणि न्हाई उघडलं तर माझं काय?"

सुनेत्राने भाकरीचा चतकोर डब्याच्या झाकणावर ठेवला.

"एकाची काढून बघितली तर बाकीच्यांचं कळंल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खरं काय?"

"बहुतेक कळेल."

"मग माझी काढा की. सगळ्यात बद्द माझीच हाय."

"अभि, वीसांत एक—"

"ते ऐकलं मी." त्याने भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "मी काय शूर न्हाई गं. रात्री कूस बदलायला बी भ्या वाटतंय. असं किती दिवस काढायचं?"

या क्षणाची सुनेत्राला कधीपासून भीती होती आणि आत कुठेतरी ती याचीच वाटही बघत होती. आपण इथे त्याला भेटायला आलो की त्याच्याकडून हेच वदवून घ्यायला आलो, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि उत्तर न देता उठली.

पद्मजाने मात्र विचारलंच. अभिनंदनची बायको एरवी मोजकं बोलणारी. ती दुसऱ्या दिवशी एकटीच कुपवाडला आली, खुर्ची दिली तरी बसली नाही.

"अक्का, तुमच्या यंत्रानं ह्यांना वाचवलं. ते मी विसरलेली नाही. पण आता तुमच्या शंकेसाठी ह्यांचं डोकं परत उघडायचं?"

"पद्मजा, त्याची प्लेट खराब असेल तर ती कधीही—"

"आणि नसेल तर?"

सुनेत्राची नजर टेबलावरच्या डबीकडे गेली.

"बघा," पद्मजा म्हणाली. "चाळीस जणांत तुम्हाला दुसरं कोणी भेटलं नाही."

"त्याला मी सांगितलेलं नाही. तोच म्हणाला."

"तुम्ही बहीण आहात. तुम्ही नको म्हणाला असतात तर त्यांनी ऐकलं असतं."

ती गेली. ती म्हणाली ते खरं होतं.

*

शस्त्रक्रिया पाच तास चालली. सुनेत्रा आणि पद्मजा एकाच बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मध्ये पद्मजाची पाण्याची बाटली होती. दोघींपैकी कोणी ती उघडली नाही. अखेर दार उघडलं. साळवींनी मास्क खाली ओढला.

"जिवाला धोका नाही. पण हाड फार घट्ट धरून होतं. आवरण सोडवताना थोडं रक्त आलं. शुद्धीवर आल्यावर बघू." आणि त्यांनी सुनेत्राच्या हातात डबी दिली.

कारखान्यात येऊन तिने प्लेटला चिकटलेले हाडाचे कण काढले, एका भोकातून दोरा ओवून ती टांगली आणि पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली.

प्लेट खणखणीत वाजली. तो नाद इतका वेळ हवेत राहिला की सुनेत्राने तो थांबवायला बोटाने प्लेट धरली.

मग तिने प्लेट कापली. तुकड्यामागून तुकडा घासला, पाहिला. कडेला, मधोमध, जिथे वाक जास्त तिथे, स्क्रूच्या भोकांपाशी. एकही सुई नव्हती. सहा वर्षांपूर्वीची तिची पहिली प्लेट अगदी निर्दोष होती आणि आणखी पन्नास वर्षं राहिली असती. तिला खालच्या ओठाची चव खारट लागली. ओठ कधी चावला गेला ते कळलं नव्हतं.

त्याच वेळी मिरजेत अभिनंदन शुद्धीवर येत होता. पद्मजाने विचारलं, पाणी देऊ का? त्याने डोळे मोठे केले, तोंड उघडलं आणि "चाक" म्हणाला. पुन्हा प्रयत्न केला. "चाक, चाक." स्वतःचंच बोलणं ऐकून तो घाबरला आणि त्याने पद्मजाचं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या पिचल्या.

सुनेत्रा दवाखान्यात जायची, काचेतून बघायची आणि परत येऊन काम करायची. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. एकच प्लेट आता तिच्याकडे दोन्ही अवस्थांत ऐकलेली होती: हाडाच्या मुठीत असताना आणि मोकळी. दोन्हीतला फरक म्हणजे निव्वळ हाडाची पकड. ती पकड किती असते आणि, स्वच्छ वाजलेल्या नव्या-जुन्या प्लेटांशी ताडून, वर्षागणिक कशी वाढते, हे गणित एकदा मांडलं की प्रत्येकाच्या आवाजातून ती वजा करता येत होती. जे उरेल ते धातूचं.

बाकीच्या चाळीसातल्या पाच जणांच्या आवाजात वजाबाकी करूनही बद्दपणा उरला. साळवींनी त्या पाचांच्या प्लेटा काढल्या. धोका आता धातूतच होता, थांबण्यात अर्थ नव्हता. पाचही प्लेटांत सुया सापडल्या. दोन तर हातात घेताच कडेला चिरल्या. पाचही जण सुखरूप राहिले.

शेटे त्या दिवशी सुनेत्राच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "तुमच्या भावाला काय सांगणार?" त्यांनी विचारलं. आणि थोड्या वेळाने म्हणाले, "त्याची पण खराब निघाली म्हणालात तर कुणाचं काय बिघडतंय? घरातलं घरात."

हाच विचार सुनेत्रा आठवडाभर करत होती. 'प्लेट चिरत आली होती, अगदी वेळेवर काढली.' एवढं एक वाक्य. पद्मजाच्या मनातला काटा निघेल. अभिनंदनला वाटेल, शब्द गेले, पण जीव वाचला. कापलेल्या तुकड्यांकडे बघून काय आहे ते ओळखणारं त्या घरात कोणी नव्हतं.

*

अभिनंदन घरी आला होता. शब्द हळूहळू परतत होते. साळवी म्हणाल्या होत्या की बोलणं बरंचसं येईल, आकड्यांचं मात्र सांगता येत नाही. सुनेत्रा गेली तेव्हा तो खिडकीपाशी आरामखुर्चीत होता. डोक्याला पट्टी, पट्टीखाली लांबच्या शहरातून मागवलेली नवी प्लेट. दाराशी पद्मजा मेथी निवडत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"अक्का," तो म्हणाला. शब्द नीट आला म्हणून त्याला आनंद झाला. मग सावकाश, एकेक पायरी उतरल्यासारखं: "माझी... प्लेट. खराब... होती?"

मेथीच्या काड्या मोडायच्या थांबल्या.

सुनेत्राने येताना वाक्य ठरवलं होतं. ते ओठांवर आलंही. पण अभिनंदन तिच्याकडे बघत होता, सौद्याच्या वेळी व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघावं तसा रोखून, आणि तिला ते बोलवेना.

"नाही," ती म्हणाली. "चांगली होती. एकदम चांगली. हाडानं धरून ठेवली होती, म्हणून बद्द वाजत होती. काढली नसती तरी चाललं असतं, अभि."

बाहेर एक टेम्पो मागे घेताना टूंटूं करत होता. आता पद्मजा उठेल आणि मला जा म्हणेल, असं सुनेत्राला वाटलं. आणि तसं ती म्हणाली तर आपण निमूट जायचं, एवढं तिने ठरवलं.

अभिनंदनने डोळे मिटले. खूप वेळाने उघडले.

"मग... ती पोरगी? तासगाव."

"तिची चांगली आहे. तुझ्या प्लेटमुळेच कळलं. तिला फोन केला काल. डोकं उघडायचं नाही."

"तसले... अजून?"

"तू सोडून चाळीस बद्द होते. पाच जणांच्या खरंच खराब निघाल्या, त्या काढल्या. बाकीच्यांना हात लावायची गरज नाही. पस्तीस जण."

त्याने मान डोलावली. तो आकडा स्वतःच्या तोंडून म्हणायची त्याला इच्छा झाली असावी. त्याने ओठ जुळवले. "पन्... पाच..." कपाळावर शिर उठली. "तीन... पास..." हजारोंच्या बोल्या एका श्वासात बोलणारा माणूस एका लहानशा आकड्यापाशी अडला होता आणि ते त्यालाही समजत होतं. त्याने हाताने नको नको अशी खूण केली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

"पस्तीस," दारातून आवाज आला.

पद्मजा उठून आत आली. ओंजळीतली मेथी तिने तशीच खिडकीच्या कट्ट्यावर टाकली आणि नवऱ्यासमोर जमिनीवर बसली.

"माझ्या तोंडाकडं बघा. पस्तीस."

"पस्..."

"पस्-तीस."

"पस्तीस," तो म्हणाला.

"परत म्हणा."

सुनेत्रा भिंतीला टेकून उभी होती. पद्मजाने तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिला जा असंही म्हटलं नाही. तो अडखळत, चुकत, पुन्हा सुरुवात करत म्हणत राहिला, आणि पद्मजा प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर ओठ हलवत राहिली.